कोंबुचा आणि आंबील

साखर घातलेला बिनदुधाचा चहा आठवडा-दीड आठवडा आंबवला की कोंबुचा तयार होतो. चव आंबटगोड, वास व्हिनेगरकडे झुकणारा, आणि बाटलीत नीट मुरला असेल तर ग्लासात ओतताना बारीक फसफस. त्याचा उगम ईशान्य चीनमधला मानतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी सम्राटाची जी कथा सोबत सांगितली जाते, तिला भक्कम आधार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रशियात घरोघरी होऊ लागला, तिथून युरोपात आणि पुढे अमेरिकेत गेला. भारतात आता मोठ्या शहरांतल्या कॅफेंत आणि ऑनलाइन दुकानांत बाटलीबंद कोंबुचा मिळतो, हौसेने घरी लावणारेही आहेत. सोलापूरच्या माणसाने तो पारखायचा तर वजनमाप घरातच आहे. ज्वारीची आंबील या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या प्यायली जाते आणि तीही आंबवूनच होते.

कोंबुचाचे विरजण म्हणजे स्कोबी. यीस्ट आणि जिवाणू यांचा तो एकत्र संसार असतो. यीस्ट साखर फोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, त्यातून थोडे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ॲसिटिक जिवाणू त्या अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच. ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्लही बनते. याच जिवाणूंपैकी काही सेल्युलोजचे धागे विणतात आणि चहावर बरणीच्या तोंडाएवढी चकती धरते: तांदळाच्या जाड धिरड्यासारखी, ओलसर, चिवट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती किळसवाणी वाटते, तर जुने हौशी तिला जिवापाड जपतात. खरे तर काम चालू राहते ते आधीच्या घाणातल्या आंबट द्रवामुळे. चकती नसली तरी त्या द्रवावर नवी धरते.

घरी लावताना एक लिटर पाण्याला ५ ते ८ ग्रॅम चहापत्ती आणि ६० ते ८० ग्रॅम साखर लागते. चहा गाळून पूर्ण गार करायचा, त्यात शंभरेक मिलिलिटर जुना कोंबुचा आणि चकती घालायची. जिवाणूंना हवा लागते म्हणून झाकण लावायचे नाही. तोंडावर मांजरपाटासारखे घट्ट विणीचे सुती कापड बांधायचे. पातळ मलमलीतून चिलटे आत जातात आणि सगळा घाणा वाया जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पृष्ठभागावर पातळ, दुधाळ साय दिसू लागते आणि खाली यीस्टचे तपकिरी धागे लोंबतात. दोन्ही लक्षणे चांगली. वर कोरडी, केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर मात्र चकतीसकट सगळे फेकायचे. वरचे काढून खालचे वापरायचे नाही.

भांडे काचेचेच हवे. लोणच्याची चिनी मातीची बरणी हाताशी असते, पण जुन्या बरण्यांच्या चकाकीत शिसे असू शकते आणि आठवडाभर मुरणारे आम्ल ते ओढून घेते. सिरॅमिकच्या भांड्यात केलेला कोंबुचा पिऊन शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम तर नकोच.

सोलापुरात खरी अडचण उन्हाची. हे विरजण २२ ते २८ अंशांत खूश असते, आणि इथला मे महिना ४० अंशांच्या पुढे जातो. अशा उकाड्यात काम फार लवकर उरकते. यीस्ट जोर करते, वास उग्र होतो आणि चाखून पाहीपर्यंत कोंबुचाचे व्हिनेगर झालेले असते. फळाचा रस घालून बाटली घट्ट बंद करून दोन-तीन दिवस ठेवली की वायू साठतो आणि फसफस येते, पण तापलेल्या खोलीत तीच बाटली फुटू शकते. म्हणून इथल्या हवेत कोंबुचाचा हंगाम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात लावायचाच तर घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, माठाच्या तिवईजवळ, आणि चौथ्या दिवसापासून रोज चाखून. रसासाठी डाळिंबाइतके सोयीचे फळ दुसरे नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही याच शहरात आहे. डाळिंबाचा तुरटपणा चहाच्या तुरटपणाशी छान जुळतो.

अल्कोहोलबद्दल मोकळेपणाने सांगितले जात नाही. आंबवताना ते तयार होतेच. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्यात मोडते, आणि घरी केलेला, विशेषतः बाटलीत मुरवलेला, कोंबुचा ही रेघ ओलांडू शकतो. अमेरिकेत २०१० साली याच कारणाने काही दुकानांनी बाटल्या फळीवरून उतरवल्या होत्या. मद्य पूर्ण वर्ज्य असणाऱ्यांनी आणि मुलांना पाजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चहातले कॅफिनही बरेचसे शिल्लक राहते.

आता तब्येतीचा मुद्दा, ज्यासाठी बहुतेक लोक कोंबुचाकडे वळतात. पचन, वजन, साखर, सांधेदुखी, ‘शरीरातील विषद्रव्ये’ अशी मोठी यादी त्याच्या नावावर खपवली जाते. माणसांवर झालेले प्रयोग मोजके आणि लहान आहेत. २०२३ साली जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासात टाइप-२ मधुमेहाच्या १२ जणांना चार आठवडे रोज सुमारे २४० मिलिलिटर कोंबुचा दिला गेला. उपाशीपोटीची सरासरी साखर १६४ वरून ११६ वर आली. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण १२ माणसांवरून औषध ठरत नाही, आणि संशोधकांनीही मोठ्या अभ्यासाची गरज सांगितली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ निरोगी माणसे होती. त्यांपैकी ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर, किमची, कोंबुचा असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित काही प्रथिने घटली. इथे श्रेय सगळ्या आंबवलेल्या पदार्थांचे आहे, एकट्या कोंबुचाचे नाही. कोंबुचाला प्रोबायोटिकही म्हटले जाते. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यावर ज्यांचा फायदा सिद्ध झाला आहे असे जिवंत जिवाणू. घराघरांत वेगळे असणारे हे विरजण त्या व्याख्येत सहजासहजी बसत नाही.

साखरेचे गणित मात्र कुणालाही करता येते. सातव्या दिवशी निम्मी किंवा त्याहून जास्त साखर चहात तशीच असू शकते. लिटरला ४० ग्रॅम उरली असे धरले तर पाव लिटरच्या ग्लासात १० ग्रॅम आली. तेवढ्याच कोलामध्ये ती सुमारे २६ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची वरून घेतलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे कोल्ड्रिंक सोडून कोंबुचाकडे येणाऱ्याचा फायदा उघड आहे. पाणी किंवा ताक सोडून येणाऱ्याचा तोटाच.

आणि ताकापाशी आले की आंबील आलीच. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मालदांडी ३५-१ हा आजही पेरला जाणारा वाण १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडला गेला. या ज्वारीचे पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून मातीच्या भांड्यात रात्रभर ठेवतात. सकाळी त्याला आंबूस वास आणि वर बारीक बुडबुडे येतात. मग ते उकळत्या पाण्यात सोडून गुठळी न होऊ देता शिजवायचे, गार करायचे, ताक घालून सैल करायचे आणि ठेचलेला लसूण, जिरे, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर घालायची. कुणी फोडणी देते, कुणी वरून कांदा चिरते.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसेला, लातूर-धाराशिवप्रमाणे सोलापूर जिल्ह्याच्या त्या बाजूच्या गावांतही माणसे रानात जातात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा होते, भज्जी, उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवतात आणि मडक्यातली आंबील उभ्या पिकावर शिंपडतात. उरलेली पंगतीत जाते, आणि त्या दिवशी ती मोजून कुणी पीत नाही.

शास्त्राच्या बाजूने पाहिले तर दोन्ही पेयांचे काम वेगळे आहे. कोंबुचात साखरेपासून ॲसिटिक आम्ल, आंबिलीत पिठापासून मुख्यतः लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याचे आम्ल. कोंबुचात अन्न म्हणावे असे जवळजवळ काही नसते. आंबील पोटाला आधार देते. पीठ आंबल्यावर ज्वारीतले फायटेट कमी होते आणि लोहासारखी खनिजे शरीराला जास्त मिळतात. आंबिलीची एक लंगडी बाजूही आहे: शिजवताना तिच्यातले जिवाणू मरतात. नंतर घातलेल्या ताकातले तेवढे जिवंत राहतात, म्हणून ताक आच बंद करून, गार झाल्यावरच घालावे. पाश्चराइज केलेल्या बाटलीबंद कोंबुचाचीही तीच गत असते, फक्त लेबलावर ते ठळक दिसत नाही.

उन्हातून आल्यावर घामाबरोबर गेलेले पाणी आणि मीठ भरून काढायचे असेल तर आंबील किंवा खारे ताक. कोंबुचात मीठ नसते, तो त्या कामाचा नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या तिखट जेवणानंतर, किंवा संध्याकाळी सोड्याऐवजी, थंडगार कोंबुचाचा छोटा ग्लास मात्र मजा आणतो. नव्याने सुरू करणाऱ्याने दिवसाला १०० ते १२० मिलिलिटरवर थांबावे. १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कोंबुचा पिणाऱ्या दोन महिला गंभीर आजारी पडल्या आणि त्यांतली एक दगावली. कोंबुचाच कारण होते हे सिद्ध झाले नाही, पण निरोगी माणसाला बहुधा अपाय होणार नाही असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने म्हटलेले प्रमाण साधारण एवढेच होते. आम्लामुळे दातांचे कवच झिजते, म्हणून दिवसभर घोट घोट पीत बसू नये आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, प्रतिकारशक्ती कमी झालेले आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी घरी केलेला कोंबुचा टाळावा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नयेत.