पाऊणकी

डाव्या नडगीवर, घोट्यापासून वीतभर वर एक जागा आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे अंगठ्याने दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. आता काही दुखत नाही, तरी सकाळी बूट घालताना हात आपसूक तिथे जातो.

मी पामला राहते. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. चव्वेचाळीसाव्या वर्षी धावायला लागले आणि लगेच जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अर्ध्या अंतरासाठी, म्हणजे 21 किलोमीटरसाठी, नाव घातलं. हातात चार महिने होते. दम लागला नाही तर व्यायामच झाला नाही, हे शाळेतल्या पीटीच्या तासापासून डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे रोज घड्याळ लावायचं आणि कालच्यापेक्षा आज लवकर घरी पोचायचं, एवढाच माझा सराव. दोन महिने मजेत गेले. छाती भरून यायची, पण पाय पळायचे आणि वजन उतरत होतं. तिसऱ्या महिन्यात नडगी ठणकायला लागली. मी पट्टी बांधून धावत राहिले. शेवटी एमआरआय काढला, तर हाडाला केसाएवढी चीर.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात. हाडाचं तसं नाही. नवा भार पडला की हाड आधी स्वतःचा थोडा भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं, जास्त मजबूत हाड भरतं. पोखरायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-एक महिने जातात. म्हणजे मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच माणसाला वाटत असतं की आता आपल्याला जमायला लागलं. टाचेमागच्या जाड शिरेचंही तेच. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिची डागडुजी सावकाश चालते.

आठ आठवडे धावणं बंद. तीन आठवड्यांनी चालायची परवानगी मिळाली, तीही हळू. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चल, नवापूरला जाऊन येऊ."

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. माहेर नवापूरचं. तरुणपणी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात पायी यायच्या, भरपूर वर्षं. नवापूरचा किनारा आमच्या घरापासून त्यांच्या पावलांनी तासाभराची चाल. पहिल्या दिवशी मी सवयीने पुढे गेले आणि टेंभीच्या वळणावर थांबून त्यांची वाट बघत राहिले. त्या आल्या आणि न थांबता तशाच पुढे निघाल्या. परतताना मी मागे होते. त्यांची चाल जाताना होती तीच, येतानाही तीच.

मग मी त्यांच्या मागून चालत त्यांचं पाऊल बघायला लागले. टाच टेकते, मग सगळा तळवा, आणि डोकं वरखाली होतच नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पाटीतलं पाणी मानेवर ओघळलं की समजायचं, चाल चुकली. मग थांबायचं, चुंबळ नीट करायची आणि परत निघायचं." 1986 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर एक अभ्यास छापून आला होता. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका भार त्या वाहून नेत होत्या आणि त्यासाठी त्यांना जास्तीची शक्ती जवळजवळ लागत नव्हती. पाऊल लंबकासारखं झुलत गेलं की एका पावलाचा जोर पुढच्या पावलाला मिळतो. सासूबाईंना केनिया माहीत नाही. मानेवर ओघळणारं पाणी त्यांना चांगलं माहीत आहे.

पुन्हा धावायला लागले तेव्हा मी थोडं वाचलं आणि आर्थर लिडियार्ड हा माणूस मला भेटला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, बुटांच्या कारखान्यात काम करणारा. कारखान्यातली पाळी सांभाळून त्याने स्वतःवर प्रयोग केले आणि शेजारपाजारच्या पोरांना तयार केलं. आधी कित्येक आठवडे लांब लांब अंतरं, धावताना बोलता येईल अशा बेताने, आणि वेगाचा सराव अगदी शेवटी. 800 मीटर धावणाऱ्यालासुद्धा तो आठवड्याला 160 किलोमीटर पळवायचा, तेव्हा लोकांना ते वेड वाटायचं. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने 800 मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक घेतलं. कारखान्यातल्या माणसाने हे केलं, याचा मला फार आनंद वाटतो. पुढे स्टीफन सायलर या नॉर्वेत काम करणाऱ्या संशोधकाने जगातल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. नौका वल्हवणारे, बर्फावर घसरत जाणारे, धावणारे, सगळ्यांचा साधारण 80 टक्के सराव सोपा, सावकाश होता. आपण हौशी माणसं मात्र रोजच मधल्या वेगाने धापा टाकतो. जोर लावण्याच्या दिवशी अंगात जोर उरत नाही आणि आरामाच्या दिवशी आराम मिळत नाही.

हळू धावताना आत बरंच काही घडत असतं. स्नायूंमध्ये केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमध्ये शक्ती तयार करणाऱ्या भट्ट्या वाढतात आणि शरीर इंधन म्हणून साखरेऐवजी चरबी जास्त वापरायला शिकतं. साखरेचा साठा जेमतेम अर्धा किलो असतो. चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही भरपूर असते.

पण हळू म्हणजे किती हळू? त्याचं माप मला सासूबाईंकडून मिळालं, ते म्हणजे पाऊणकी. किनाऱ्यावरच्या लोकांना भरतीची वेळ काढायला पाऊणकीचा पाढा लागतो. तिथीला पाऊणपट करायचं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराचे तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला आठाचे सहा. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. घटकाभर इकडेतिकडे होतं, पण धावणारीला तेवढं पुरतं. आता धावताना मी मोठ्याने पाऊणकी म्हणते. दम न तुटता म्हणता आली तर वेग बरोबर. तीनचार आकड्यांनी अडले की चालायचं, पुन्हा म्हणता येईपर्यंत.

आणि वेळापत्रकही समुद्राच्या हाती दिलं. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर पाय छान पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ती वाळू भल्या पहाटे लांबवर उघडी असते. अष्टमीच्या सुमाराला सकाळी सहाला तिथे पाणी असतं, मग त्या दिवसांत मी फक्त चालते. घड्याळाशी भांडून जे कधी जमलं नव्हतं, ते भरतीने मला महिन्यातून दोनदा शिकवलं.

मला वेगाचा राग नाही. 508 किलोमीटरच्या बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांत आमचं बोईसर आहे, आणि सुरतेला कामाला जाणाऱ्याला ती हवीच. पण कामाला पोचणं वेगळं आणि एखाद्या जागी जाणं वेगळं. पूर्वी मी ग्रुपबरोबर एका शनिवार-रविवारात काळदुर्ग, तांदूळवाडी आणि अशेरी असे तीन गड केले. फोटो भरपूर निघाले, आठवण एकाही गडाची राहिली नाही. गेल्या हिवाळ्यात खोडकोन्याहून अशेरीला एकटी गेले, सावकाश. वाटेत पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला एक दगड पडलेला आहे. त्यावरचा मुकुट अजून स्पष्ट दिसतो. पहिल्या खेपेला मी त्याच्या शेजारून गेले असणार, कारण वाट तिथूनच आहे. या वेळी त्याच्यापाशी बसून डबा खाल्ला.

चालण्याचंच काम करणारा एक इंग्रज कलावंत आहे, रिचर्ड लाँग. 1967 मध्ये तो एका माळावरच्या गवतातून येजा करत राहिला, गवत दबून सरळ रेघ उमटेपर्यंत, आणि त्या रेघेचा त्याने फोटो काढला. 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याच्या कामाशेजारी ज्याची चित्रं लागली, तो आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा, जिव्या सोमा मशे. पुढे 2011 मध्ये मशेंना पद्मश्री मिळाली. मला त्या दोघांच्या जोडीचं नवल वाटलं नाही. मशेंच्या चित्रांतली माणसं काडीएवढ्या हातापायांची असतात, पण प्रत्येक जण कुठेतरी पायी निघालेला असतो, डोक्यावर काही ना काही घेऊन.

पुढच्या जानेवारीत मी ते 21 किलोमीटर पुरे केले. शेवटच्या किलोमीटरलाही पाऊणकी येत होती. बाजूने धावणाऱ्या एका मुलीने विचारलं, "काकू, हा कसला मंत्र?" तिला भरतीचं गणित सांगता सांगता शेवटची कमान आली.

उद्या रविवार, तिथी पंचमी. पाचाचे पावणेचार, म्हणजे ओहोटी दहाच्या सुमाराला. आधी भाकऱ्या उरकू, मग निघू, असं सासूबाईंनी सांगून ठेवलंय.