पाच अणूंच्या जाडीतील चुंबकत्व

जयपूरच्या जुन्या शहरात वरख बनविणाऱ्या पन्नीगर कारागिरांची वस्ती आहे. चांदीचे लहान तुकडे पुडक्याच्या पानांमध्ये ठेवून ते हातोडीने तासन्‌तास ठोकतात आणि मिठाईवर लावावयाचा वरख सिद्ध करतात. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो व फुंकरीसरशी उडून जातो. तरीही त्याच्या जाडीत शेकडो अणू एकावर एक असतात आणि चांदी ही चांदीच राहते. परंतु एखादी धातू चार-पाच अणूंच्या जाडीपर्यंत पातळ केली, तर तिचे गुणधर्म तेच राहतील काय? लोहचुंबकत्वाच्या बाबतीत तरी याचे उत्तर नकारार्थी आहे.

लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक सूक्ष्म चुंबक होय. शेजारी अणूंच्या प्रभावामुळे हे सूक्ष्म चुंबक एकाच दिशेस वळतात. उष्णता ही शिस्त मोडू पाहते; ७७० अंश सेल्सिअसला लोखंडातील ही शिस्त पूर्णपणे मोडते. पाच अणूंच्या थरात दोन बाह्य पृष्ठांवरील अणूंना एका बाजूस शेजारीच नसतात. साहजिकच तेथील शिस्त पुष्कळ कमी तापमानास ढळते.

येथे दुसरी अडचण उद्भवते. सामान्य धातू स्फटिकी असते. तिच्यात कण, कणांच्या सीमा व पायऱ्या असतात. एवढ्या पातळ थरात एका अणूची पायरीदेखील मोठी ठरते. यावर अस्फटिकी मिश्रधातू उपयोगी पडते. १९६० साली अमेरिकेत पोल दुवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा वितळलेला रस सेकंदास सुमारे दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड केला. अणूंना रांगा लावण्यास अवसरच मिळाला नाही व काचेसारखी धातू तयार झाली. रांगा नसतील तर चुंबकत्वही नसेल, असा समज होता. परंतु त्याच वर्षी रशियन शास्त्रज्ञ गुबानोव्ह यांनी तसे असण्याचे कारण नाही हे गणिताने दाखविले. १९६७ मध्ये लोह, फॉस्फरस व कार्बन यांच्या अस्फटिकी मिश्रधातूत लोहचुंबकत्व प्रत्यक्ष आढळले. तीत स्फटिकाचे अक्ष नसल्यामुळे चुंबकत्वाची दिशा सहज वळते. याच गुणामुळे अशा मिश्रधातूच्या फिती वीजपुरवठ्याच्या रोहित्रांत वापरतात व गाभ्यात वाया जाणारी वीज वाचते.

अतिपातळ थर हातोडीने होत नाहीत. निर्वात पेटीत मिश्रधातूवर आयनांचा मारा करून उडालेले अणू समोरच्या तबकडीवर बसवितात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात कोबाल्ट, लोह व झिर्कोनियम यांचे चुंबकीय थर आणि अॅल्युमिनियम व झिर्कोनियम यांचे अचुंबकीय थर आलटून पालटून रचून अभ्यासले गेले. दोन्ही अस्फटिकी असल्याने त्यांच्या सीमा सपाट राहतात आणि थराची जाडी व चुंबकत्व यांचा संबंध स्वच्छ दिसतो.

या अभ्यासाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीत एक अक्षर टिकणे म्हणजे सूक्ष्म चुंबकांची दिशा उष्णतेपुढे टिकणे होय. थर जाड असेल तर चुंबकत्व थराच्या पातळीत आडवे पडते. अति पातळ केला तर ते क्षीण होते. जपानमधील तोहोकू विद्यापीठात २०१० साली कोबाल्ट, लोह व बोरॉन यांचा १.३ नॅनोमीटर, म्हणजे सुमारे पाच अणूंच्या जाडीचा थर मॅग्नेशियम ऑक्साइडला लागून बसविण्यात आला. दोहोंच्या सीमेवरील परस्परक्रियेमुळे त्याचे चुंबकत्व उभे राहिले. बसविताना अस्फटिकी असलेला हा थर पुढे तापविल्यावर स्फटिकी होतो. म्हणजे येथे अस्फटिकी अवस्था ही सपाट पायाभरणीचे काम करते.

पन्नीगर आपल्या अनुभवाने ठोकणे कधी थांबवावे हे जाणतो. या थरांच्या बाबतीतही खरा प्रश्न तोच आहे: एका अणूची जाडी कमी-अधिक झाली तरी लिहिलेले अक्षर टिकेल की पुसले जाईल, हे त्यावरच ठरते.