एकाच बाईचे तीन केसपेपर

रक्तातली साखर वाढली की बाईला मधुमेहाच्या ओपीडीत पाठवतात, झोप उडाली की मानसोपचाराच्या, आणि घरात मार बसतो हे तिने सांगितलंच तर समाजसेवकाकडे. केसपेपर तीन होतात आणि एकातलं दुसऱ्यात क्वचितच उतरतं. रोग, हिंसा आणि गरिबी एकत्र नांदतात हे आकडेवारी दाखवू शकते. त्यांची गाठ कधी आणि कशी पडली, हे मात्र त्या बाईसमोर बसून तिचं आयुष्य ऐकल्याशिवाय कळत नाही. हे वेळखाऊ काम बऱ्याचदा संशोधक विद्यार्थी करतात, आणि ‘विद्यार्थ्याचा प्रबंध’ म्हणून ते बाजूलाही सारलं जातं. मला ते साफ चूक वाटतं.

रोग, हिंसा आणि गरिबी यांना एकत्र पाहण्याच्या विचाराची पायाभरणी अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात झाली. कनेक्टिकट खोऱ्यातल्या तंबाखूच्या मळ्यांवर राबायला आलेले पोर्तो रिकन लोक पुढे या शहरात स्थिरावले, आणि शहरातले कारखाने बंद पडत गेले तसे बेकारीत ढकलले गेले. तिथे व्यसन, हिंसा आणि एड्स या तीन साथी वेगवेगळ्या मोजल्या जात. त्या सुट्या नाहीत, एकमेकींना खतपाणी घालतात आणि तिघींची मुळं विषमतेत आहेत, असं वैद्यकीय मानववंशशास्त्रज्ञ मेरिल सिंगर यांनी १९९०च्या दशकात मांडलं. अशा गुंत्याला त्यांनी ‘सिंडेमिक’ म्हटलं.

पुढे एमिली मेंडनहॉल यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पीएच.डी. करताना हीच दृष्टी मधुमेहाला लावली. शिकागोतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या, मेक्सिकन वंशाच्या १२१ मधुमेही स्त्रियांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. २०१२ साली त्यावरचं पुस्तक आलं. त्या बोलण्यात छळ, स्थलांतर, एकटेपणा आणि नैराश्य मधुमेहाला लागूनच येत होतं. मधुमेह कशाने झाला या प्रश्नावर कित्येकींनी खाण्यापिण्याआधी मनाला बसलेला धसका आणि गिळलेला संताप ही कारणं सांगितली.

अशा मुलाखतीवर पुढे जे काम होतं, त्यातच या पद्धतीची ताकद आहे. ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायचं, थांबलेल्या वाक्यांसकट. मग ओळ न् ओळ वाचत समासात खुणा करायच्या: ‘कागदपत्रं नाहीत’, ‘मार’, ‘गोळ्या सोडल्या’. तारखा क्वचितच कुणाला आठवतात, म्हणून मुलांचे जन्म, बदललेली घरं, गेलेली माणसं यांच्या आधाराने वर्षं लावायची. असा पट मांडला की क्रम दिसू लागतो. समजा, आई वारली, कागदपत्रं नसल्याने अंत्यविधीला जाता आलं नाही, त्यानंतर झोप गेली, नंतर काम सुटलं, आणि औषधं कधीतरी त्या सगळ्यात बंद पडली. साखर वाढलेली ओपीडीत दिसते. तिच्यामागची वर्षं या पटावरच सापडतात.

यावर पहिला आक्षेप असा, की धसक्याने मधुमेह होतो हा बायकांचा समज आहे, त्याला पुरावा कसं मानायचं? एखादा प्रसंग घडला म्हणून रोग जडला, हे मुलाखतीवरून सिद्ध होत नाही, हे खरंच. पण त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखंही नाही. दीर्घकाळच्या ताणाने शरीरातलं कॉर्टिसोल वाढतं आणि त्याने रक्तातली साखर वाढते. मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त असतं, आणि नैराश्य आलं की पथ्य आणि औषध दोन्ही सुटतं. रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. अलेक्झांडर त्साई यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं, की सिंडेमिकचं नाव घेणाऱ्या अनेक संख्यात्मक अभ्यासांनी समस्यांची नुसती बेरीज केली; एक समस्या दुसरीची धार वाढवते का, हे तपासलंच नाही. ही टीका मला मान्य आहे, पण ती मुलाखतींच्या बाजूने जाते. कोणती गोष्ट कोणत्या वळणावर कशाला भिडते हे आधी कुणीतरी दाखवल्याशिवाय तपासायचं काय? बेरीज करणाऱ्याच्या हाती फक्त यादी असते. शिवाय गाठ जागोजाग वेगळी पडते. मेंडनहॉल यांनी पुढे दिल्ली, सोवेटो आणि नैरोबी इथेही मधुमेहींचा अभ्यास केला. सोवेटोत तर या गुंत्यात एचआयव्हीही येतो. शिकागोचा निष्कर्ष तिथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

तिसरी शंका मला सगळ्यांत गंभीर वाटते. अल्पसंख्य वस्तीतल्या दुःखाची नोंद झाली की ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हणायला लोक मोकळे होतात. विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. आणि ज्या बाईकडे राहण्याचा परवाना नाही, तिच्या मुलाखतीतला एखादा तपशील बाहेर फुटला तर तिला देश सोडावा लागू शकतो. नावं बदलणं एवढ्यावर हे भागत नाही. गाव, मुलांची संख्या, कामाची जागा यांवरूनही माणूस ओळखू येतं. मुलाखतीत जखम उघडी पडली तर त्याच दिवशी कुणाकडे पाठवायचं, हे पहिल्या प्रश्नाआधी ठरलेलं असायला हवं. हार्टफर्डचं काम इथे उपयोगी पडतं. सिंगर ज्या हिस्पॅनिक हेल्थ कौन्सिलमध्ये काम करत, ती त्या समाजातच रुजलेली संस्था होती, आणि तिथे संशोधन व सेवा एकाच छताखाली चालत. मुलाखत देणाऱ्या माणसाला मदतीसाठी दुसरं दार शोधावं लागत नव्हतं.