गाविलगडाची उत्तर बाजू

गाविलगडावर १५ डिसेंबरला जायचं, तर चिखलदऱ्याच्या पठारावरून, उत्तरेकडून जावं. बाकीच्या बाजूंना खोल दऱ्या आहेत. इथे मात्र पठार थेट तटाला भिडतं, आणि गडाचा घात झाला तो इथूनच.

२९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडच्या अडगावला भोसले-शिंद्यांच्या फौजा हरल्या. भोसल्यांचं वाचलेलं पायदळ या गडात शिरलं. इंग्रज सेनापती वेलस्लीचा तळ दक्षिणेला पायथ्याच्या देवगावात पडला. खरी मेहनत मात्र कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेची. अचलपूरहून डोंगरांना वळसा घालत, वाटा करत, जड तोफा बहुतेक ठिकाणी हातांनी ओढत ती उत्तरेच्या पठारावर पोचली. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे बांधले, १३ ला सकाळी मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडारं पडली.

बाहेरच्या किल्ल्यातून आतल्याकडे जाताना मध्ये घळ लागते. वाळलेलं गवत कमरेला लागतं, खालचे दगड दिसत नाहीत. "पाय जपून टाका भाऊ, गवत लय निसरडं हाय," सोबतचा वाटाड्या सांगतो. १५ च्या सकाळी हल्ला करणारेही इथेच अडकले. बाहेरचा तट फुटला होता, आतला शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या ९४व्या पलटणीच्या लोकांनी शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. त्या तटाच्या काळ्या चिऱ्यांवर हात ठेवून वर पाहिलं, की वर चढणाऱ्याची छाती कळते आणि वरून अडवणाऱ्याचीही. शिबंदीचा सरदार बेनीसिंग आणि किल्लेदार, दोघेही राजपूत, लढताना पडले. बेनीसिंगाचा देह दरवाजाजवळ, मेलेल्यांच्या गर्दीत सापडला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि पुढे निजामाकडे आला. अमरावती-अकोल्याचं पुढचं अर्धं शतक त्या कागदानं ठरवलं.

म्हणून वऱ्हाडातल्या शाळांनी गाविलगडाची सहल १५ डिसेंबरलाच काढावी. मुलांना आधी पठारावर उभं करून तोफा कुठून आल्या ते दाखवावं, मग घळीतून चालवावं. दक्षिणेचे कडे कितीही उंच असले तरी उत्तरेची वाट राखावीच लागते, हे त्यांना चालतानाच उमजेल. आपला मुलूख कसा गेला, हे वऱ्हाडच्या पोरांना वऱ्हाडच्याच मातीवर शिकायला मिळालं पाहिजे.