देवनहळ्ळीस उतरणारे गडी

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरांवर वसलेले देवनहळ्ळी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास टिपू सुलतानाच्या जन्मस्थानामुळे आणि तेथील दगडी किल्ल्यामुळे ठाऊक असते, फळांच्या शौकिनास पपनसाच्या कुळातील तेथल्या चकोत्यामुळे. परंतु २४ मे २००८ पासून, म्हणजे नवा विमानतळ तेथे सुरू झाल्यापासून, या गावाची ख्याती निराळ्याच कारणाने वाढली असून, विमानाने बंगळुरास येणारा प्रत्येक परदेशी वा परप्रांतीय आता प्रथम याच तालुक्यात उतरतो. त्या असंख्य पाहुण्यांत वर्षाकाठी पाचदहा असामी अशाही असतात की ज्यांच्या येण्याची वार्ता काही तरुणांनी आधीच हेरलेली असते; निळे सदरे अंगात, निळे पट्टे गळ्यात, एखादा ढोल जवळ, आणि विमान दोन तास उशिरा येणार असल्याचे कळूनही घरी जाण्याचे नाव नाही, अशा थाटात ही मंडळी दाराशी तिष्ठत राहतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो गृहस्थ अखेर सामानाची ढकलगाडी लोटत, झोपमोडीने त्रासलेल्या चेहऱ्याने बाहेर येतो, आणि आपले नाव एका अनोळखी शहरात सुरात गाइले जात असल्याचे ऐकून क्षणभर गोंधळतो. त्याने या शहरासाठी अद्याप चेंडूला पायही लावलेला नसतो.

फुटबॉलच्या अनुरागी मंडळींचे हे वर्तन बाहेरच्या माणसास चमत्कारिक वाटते. पराक्रम आधी आणि सत्कार मागाहून, हा जगाचा रिवाज येथे उलटा झालेला दिसतो. परंतु थोडा विचार केला असता ध्यानात येते की हा सत्कार म्हणजे मुदती हुंडी आहे; रक्कम आज दिली जाते ती पुढे वसूल होईल या भरवशावर, आणि ती न वटल्यास समर्थक किती निष्ठुर सावकार होऊ शकतो, हे कोणत्याही मोठ्या क्लबाच्या गॅलरीत एक पराभूत संध्याकाळ काढल्यावाचून कळत नाही.

ही हुंडी लिहिण्यापूर्वी घासाघीस होत नाही असे मात्र समजू नये. नव्या गड्याची बातमी कानी येताच समर्थकांचे जणू पंचमंडळच बसते. त्याचे वय काय, गेल्या मोसमात तो किती सामने खेळला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती ती डाव्या की उजव्या, आधीच्या क्लबाने त्याला सोडले की त्याने क्लबाला, या प्रश्नांची छाननी इतक्या बारकाईने चालते की एखाद्या फौजदारी वकिलाने मान डोलवावी. एक पक्ष म्हणतो, नाव मोठे पण पाय जड झालेत. दुसरा म्हणतो, असा माणूस आपल्याला मिळतोय हेच भाग्य. आणि तिसरा एक पक्ष, जो संख्येने लहान पण स्वभावाने चिवट असतो, तो आपणांस आघाडीवीर नकोच होता, बचावपटू हवा होता, एवढे एकच पालुपद लावून धरतो. माझ्या मते बहुधा या तिसऱ्या पक्षाचेच म्हणणे खरे ठरते. पण बचावपटूसाठी ढोल घेऊन विमानतळावर जाण्याचा उत्साह त्या पक्षापाशीही नसतो.

या उत्साहामागे जो कागदोपत्री व्यवहार असतो तोही थोडक्यात सांगितला पाहिजे. फुटबॉलपटूचा क्लबाशी करारनामा असतो, त्याला मुदत असते, आणि मुदतीच्या आत त्याला न्यायचे तर नव्या क्लबाने जुन्या क्लबास मोबदला मोजावा लागतो. मुदत संपल्यावर मात्र तो मोकळा होतो. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोस्मान नामक बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात जो निकाल दिला त्याने हे तत्त्व तिकडे कायम झाले आणि हळूहळू त्याचा प्रभाव सर्वत्र पसरला. आपल्याकडील बहुसंख्य बदल असेच, करार संपल्यानंतरचे, असतात. परदेशी गड्याच्या बाबतीत त्याच्या आधीच्या देशाच्या महासंघाकडून प्रमाणपत्र आल्यावाचून येथील दप्तरात त्याची नोंदणी होत नाही, आणि ही नोंदणी वर्षातून दोन ठरावीक हंगामांतच करण्याची मुभा असल्यामुळे शेवटच्या दिवशी जी धांदल उडते, ती समर्थकाला एखाद्या सामन्याइतकीच रंगतदार वाटू लागली आहे.

बंगळुराच्या बाबतीत या स्वागतसोहळ्यास एक खोल अर्थ आहे, आणि तो उमगण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लष्करी छावणीच्या आश्रयाने या शहरात फुटबॉल रुजला तो इतका घट्ट की १९३७ साली मुंबईच्या रोव्हर्स चषकावर नाव कोरणारा पहिला भारतीय संघ येथलाच, बंगळूर मुस्लिम्स, ठरला, आणि पुढच्याच वर्षी त्याने तो पुन्हा जिंकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकुलता एक गोल करणारा सारंगपाणी रामन हा बंगळूरचाच. त्याच संघातला अहमद खानही येथलाच. परंतु मोठा फुटबॉल आणि मोठा पैसा कलकत्त्यात होता. अहमद खान ईस्ट बंगालकडे गेला, तेथे वेंकटेश, अप्पाराव, धनराज आणि सालेह यांच्यासह ‘पंचपांडव’ म्हणून त्याची पूजा झाली, आणि विशेष हे की या पाचांपैकी एकही बंगाली नव्हता. कलकत्त्याच्या मैदानावर खेळाडूंच्या पळवापळवीला पुढे असे रूप आले की नोंदणीची तारीख जवळ आली म्हणजे चांगल्या गड्याला प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागू नये म्हणून कोठेतरी दडवून ठेवण्यात येई. १९८५ साली कृशानू डे आणि बिकाश पांजी ही जोडी मोहन बागानकडून ईस्ट बंगालकडे गेली तेव्हा अर्धे शहर हर्षाने आणि अर्धे संतापाने पेटले होते. त्या साऱ्या काळात बंगळूरकराच्या वाट्यास आले ते केवळ निरोप देणे. येथे गडी घडत, येथून ते जात, आणि त्यांच्या कीर्तीची बातमी वर्तमानपत्रातून परत येई.

हा प्रवाह उलटा फिरला तो २०१३ साली. जिंदाल उद्योगसमूहाने बेंगळुरू एफसी हा नवा क्लब स्थापन केला, ॲशली वेस्टवूड या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाती संघ दिला, आणि पोर्तुगालमधल्या अल्प मुक्कामानंतर भारतात परतलेल्या सुनील छेत्रीला करारबद्ध केले. ज्या क्लबास इतिहास नाही, मैदान भाड्याचे आहे आणि समर्थक अजून जमायचे आहेत, त्याने देशाचा कर्णधार आणावा, हे साहस होते. २२ सप्टेंबर २०१३ रोजी पहिला सामना मोहन बागानशी झाला व तो १-१ असा बरोबरीत सुटला. आणि मोसम संपला तेव्हा, पदार्पणातच, हा संघ आय-लीगचा विजेता होता. त्या काळात गॅलरीच्या पश्चिमेकडील भागात जे मूठभर लोक उभे राहून गात, तेच पुढे ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या नावाने प्रसिद्ध झाले. समर्थकांची पिढी घडायला सामान्यतः वडिलांकडून मुलाकडे वारसा यावा लागतो. येथे तो वारसा एका कराराने निर्माण केला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्यानंतर नावे येत गेली. व्हेनेझुएलाचा मिकू २०१७ मध्ये आला, पहिल्याच इंडियन सुपर लीग मोसमात त्याने १५ गोल केले, आणि त्याच्या स्वागताची हुंडी सव्याज वटली. २०२२ मध्ये फिजीचा रॉय कृष्णा आला. बागानच्या वेषात त्याने केलेले गोल लोकांच्या डोळ्यांपुढे ताजे होते, म्हणून अपेक्षाही तेवढीच. एका मोसमानंतर तो ओडिशाकडे निघून गेला. आपल्या महाराष्ट्राकडे पाहिले तर २०१४ साली मुंबईने निकोलस अनेल्का आणि फ्रेडी ल्युंगबर्ग यांना, तर पुण्याने फ्रान्सच्या त्रेझगेला आणले, तेव्हा उपनगरी गाड्यांत त्यांचीच चर्चा चाले. ल्युंगबर्ग मोजक्याच सामन्यांत दिसला, आणि पुण्याचा तो क्लब तर २०१९ मध्ये उठूनच गेला व त्याची जागा हैदराबादने घेतली. त्रेझगेचे नाव छापलेले सदरे पुण्यातल्या कित्येक कपाटांत अजून पडून असतील. त्यांच्या मालकांनी आता कोणाच्या आगमनाची वाट पाहावी?

समर्थकाची खरी कसोटी मात्र कीर्तिमान पाहुण्याच्या वेळी लागत नाही, ती लागते कालचा शत्रू आज आपला होतो तेव्हा. संदेश झिंगन हा उंचापुरा बचावपटू केरळ ब्लास्टर्सचा लाडका. मे २०२० मध्ये त्याने तो क्लब सोडला तेव्हा क्लबाने त्याचा २१ क्रमांकच निवृत्त केला. केरळ आणि बंगळूर यांच्या समर्थकांतले वैर सर्वश्रुत आहे. तोच झिंगन २०२२ मध्ये बंगळूरच्या निळ्या वेषात अवतरला, आणि ज्यांनी त्याची वर्षानुवर्षे हुर्यो केली होती त्यांना एका रात्रीत नवे गाणे रचावे लागले. ते त्यांनी रचले. समर्थकाची स्मृती फार लवचीक असते. स्पेनमध्ये २००० साली फिगो हा खेळाडू बार्सिलोना सोडून माद्रिदला गेला तेव्हा बार्सिलोनाच्या लोकांनी दोन वर्षांनी मैदानात त्याच्या दिशेने डुकराचे मुंडके भिरकावले, हे खरे. पण माद्रिदकरांनी त्याच माणसाला पहिल्याच दिवशी आपला म्हटले, हेही तितकेच खरे.

आणि निष्ठा बदलणाऱ्यांस नावे ठेवताना आपण मराठी माणसांनी तरी जरा जपून बोलावे. शहाजीराजांनी निजामशाही, मोगलाई आणि आदिलशाही या तिन्ही दरबारांची चाकरी केली. आपल्या पथकासह येणारा समर्थ सरदार प्रत्येक दरबाराला हवाच असे. १६३६ नंतर ते आदिलशाहीत स्थिरावले म्हणूनच पुढे बंगळूरची जहागीर त्यांच्याकडे आली आणि या शहराशी आपले नाते जुळले. देवनहळ्ळीचा किल्लाही या बाबतीत मुका नाही. १७४९ मध्ये म्हैसूरच्या फौजेने त्याला वेढा घातला, तोवर फारसे नाव नसलेल्या हैदर अलीच्या मर्दुमकीकडे कारभाऱ्यांचे लक्ष प्रथम याच वेढ्यात गेले, आणि त्याच्या हाताखाली घोडेस्वार व पायदळाची तुकडी देण्यात आली. त्याच्या भरतीच्या दिवशी कोणी नगारा वाजवला नसणार.

फुटबॉलमधले हैदर असेच येतात. मुंबईत वाढलेला राहुल भेके मुंबई, कलकत्ता, केरळ, पुणे असे मुक्काम करीत २०१७ च्या मोसमासाठी बंगळूरच्या संघात दाखल झाला. बचावपटू, वय सव्वीस, पोस्टरवर झळकावे असे काही नाही. १७ मार्च २०१८ रोजी याच संघाने आपल्या घरच्या मैदानावर, कांतीरवा स्टेडियममध्ये, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना चेन्नईयिनविरुद्ध २-३ असा गमावला. बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, मुंबईच्या अंधेरीत गोव्याविरुद्ध दुसरा अंतिम सामना गोलशून्य राहून जादा वेळेत गेला, पेनल्टींची धास्ती दोन्ही गॅलऱ्यांना ग्रासू लागली, आणि ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर भेकेने उडी घेऊन चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. क्लबाचे ते पहिले इंडियन सुपर लीग विजेतेपद. बंगळूरच्या समर्थकांना ते मिळाले मुंबईत, आणि मिळवून दिले एका मुंबईकराने.

कोल्हापुरात हे सारे अधिक जवळून, म्हणून अधिक तापट स्वरूपात, पाहावयास मिळते. तेथे क्लब म्हणजे तालीम, आणि तालीम म्हणजे पेठ. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या नावांपुढे माणसाचे आडनाव दुय्यम ठरते. पेठेतला पोरगा समोरच्या तालमीकडून नोंदणी करतो तेव्हा प्रश्न त्याच्या वयाचा वा गुडघ्याचा नसतो, तर त्याच्या घरच्यांनी उद्या गल्लीतून कसे जावे याचा असतो. चहाच्या टपरीवर ‘गेला तिकडं’ एवढे दोनच शब्द उच्चारले जातात आणि त्यांत आरोपपत्र व निकालपत्र दोन्ही सामावतात. उलट नायजेरियातून आलेला गडी तालमीच्या वेषात शाहू स्टेडियममध्ये उतरतो, त्याला मराठीचे चार शब्दही येत नसतात, आणि महिन्याभरात त्याला पेठेत कोणी चहाचे पैसे देऊ देत नाही. परक्याला आपला करणे सोपे, आपल्याला परका होताना पाहणे कठीण, असा हा हिशेब आहे. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला; पुढे तो ज्या ज्या क्लबाकडे गेला त्या त्या क्लबाची तालमींच्या कट्ट्यांवर दखल घेतली गेली, मग तो क्लब जमशेदपूरचा असो की हैदराबादचा.

भेकेही बंगळुरात कायमचा राहिला नाही. २०२१ मध्ये तो आपल्या शहराच्या संघाकडे, मुंबई सिटीकडे, गेला; ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या हवाई दलाच्या क्लबाला नमवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये विजय मिळवणारा मुंबई हा पहिला भारतीय क्लब ठरला, त्या २-१ मधला एक गोल त्याचाच. योगायोग असा की याच हवाई दलाच्या क्लबाने २०१६ मध्ये एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळूरला हरवले होते. २०२४ मध्ये भेकेने बंगळूरशी पुन्हा करार केला. वय तेव्हा चौतिशीला टेकलेले. पंचमंडळ पुन्हा बसावे, एकाने पाय जड झाले म्हणावे, दुसऱ्याने ११७ व्या मिनिटाची आठवण काढावी, असा हा मासलेवाईक खटला. त्या मोसमात संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि १२ एप्रिल २०२५ रोजी कलकत्त्यात मोहन बागानकडून जादा वेळेत १-२ असा पराभूत झाला. पुढच्या नोंदणीच्या हंगामात आता आघाडीवीर घ्यावा की बचावपटू, यावर पश्चिमेच्या गॅलरीत वाद सुरू व्हायला तेवढे कारण पुरेसे होते.