साल्टन सी : आटत्या पाण्याकाठचा मुक्काम

लॉस एंजेलिसहून आग्नेयेकडे गाडीनं तीनेक तास गेलं की कोचेला खोऱ्यातल्या खजुराच्या बागा संपतात आणि हायवे १११ च्या उजव्या हाताला वाळवंटात न शोभणारा निळा पट्टा सुरू होतो. हा साल्टन सी. क्षेत्रफळानं कॅलिफोर्नियातलं सर्वांत मोठं सरोवर, आणि त्याचं पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे ७० मीटर खाली. त्याच्या ईशान्य काठावर सुमारे २२ किलोमीटर पसरलेलं राज्य सरकारचं उद्यान आहे, ‘साल्टन सी स्टेट रिक्रिएशन एरिया’. तिथं तंबू ठोकता येतो, आरव्ही उभी करता येते, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर रात्र काढता येते. तरीही दक्षिण कॅलिफोर्नियातले प्रवासी, त्यात तिथली मराठी कुटुंबंही आली, सुट्टीत जोशुआ ट्री आणि पाम स्प्रिंग्ज गाठतात नि तिथूनच माघारी फिरतात. साल्टन सीचं नाव निघालं की मेलेले मासे, कुजका वास आणि ओसाड वस्त्या एवढंच कानावर येतं. यातलं काहीच खोटं नाही. पण म्हणूनच इथं मुक्कामाला जायला हवं आणि हे उद्यान चालू राहायला हवं. आटणाऱ्या पाण्याच्या बाजूनं बोलायला काठावर माणसं लागतात, आणि त्या काठावर सर्वांना मुक्कामासाठी उघडी असलेली मोठी जागा म्हणजे हे उद्यान.

या सरोवराला अपघाताचं अपत्य म्हणतात. १९०५ साली इंपीरियल खोऱ्याला पाणी पुरवणाऱ्या कंपनीचा कालवा गाळानं तुंबलेला होता. त्याला वळसा म्हणून कोलोरॅडो नदीच्या काठाला तिनं नवा चर पाडला होता, आणि पाणी अडवायला त्याला धड दरवाजेही नव्हते. पूर आले, चर रुंदावत गेला आणि जवळजवळ अख्खी नदी साल्टनच्या खोलगटात उतरू लागली. अखेर १९०७ च्या फेब्रुवारीत सदर्न पॅसिफिक रेल्वेनं वाघिणींमागून वाघिणी दगड ओतले, तेव्हा कुठे ते भगदाड बुजलं. मात्र ही गोष्ट इथूनच सांगायला घेतली तर ती अपुरी राहते. कोलोरॅडो नदी हजारो वर्षं कधी समुद्राकडे, तर कधी या खोलगटाकडे वळत आली आहे. आजच्यापेक्षा कितीतरी मोठं सरोवर इथं वारंवार भरलं आणि आटलं. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीही ते इथं होतं. पश्चिमेच्या डोंगरउतारावर त्याच्या पाण्याची रेघ आजही दिसते, आणि तिच्या खाली इथल्या मूळनिवासी काविया लोकांनी मासे पकडायला रचलेले दगडी सापळे ओळीनं आहेत. पाणी हटत गेलं तसतशी सापळ्यांची नवी ओळ आणखी खाली रचली गेली. माणसाच्या चुकीचं फळ ते, आटलं तर आटू द्या, असं म्हणणाऱ्यांनी या ओळी ध्यानात घ्याव्यात. १९०५ ची चूक खरी, पण पाणी ज्या जागी गेलं ती त्याची जुनीच जागा होती.

भगदाड बुजल्यावर हे सरोवर काही वर्षांत वाळून जायला हवं होतं. बाहेर जायला वाट नाही, आणि इथल्या उन्हात वर्षाला सुमारे १.८ मीटर पाण्याची वाफ होते. ते टिकलं शेतीमुळे. कोलोरॅडोच्या पाण्यावर पिकणाऱ्या शेतांतून निथळलेलं पाणी न्यू आणि अलामो या नद्यांतून इथं येत राहिलं. सोबत मीठ आलं, खतं आली. पाणी उडून गेलं, मीठ मागे साचलं. गोड्या पाण्यातले मासे जगेनात, तेव्हा १९५० च्या दशकात मत्स्यखात्यानं कॅलिफोर्नियाच्या आखातातले कोर्विना आणि क्रोकर आणून सोडले. ते रुजले आणि गळ टाकणाऱ्यांची झुंबड उडाली. १९५५ मध्ये हे उद्यान उघडलं ते या भरभराटीत. उद्यानातल्या एका मुक्कामतळाचं कोर्विना बीच हे नाव अजून टिकून आहे. कोर्विना मात्र सरोवरातून केव्हाच नाहीसा झाला. आता पाणी पॅसिफिक महासागराच्या जवळजवळ दुप्पट खारट आहे.

उद्यानाच्या मुख्यालयाजवळ वार्नर हार्बर नावाचं छोटं बंदर आहे. तिथं काँक्रीटचा बोट रॅम्प उतरत जातो आणि कोरड्यावर संपतो. सरोवराचा तळ परातीसारखा उथळ असल्यानं पातळी थोडी खाली गेली तरी काठ लांबवर सरकतो. पुढे चालत गेलं की पायाखाली करकर आवाज होतो. लांबून पांढरी वाळू वाटणारा हा थर जवळून पाहिला की त्यात खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नेकलांची फुटकी कवचं, माशांचे काटे आणि मणके वेगवेगळे ओळखू येतात. त्याच्या कडेला लांब पायांचे शेकाटे चिखलात चोची खुपसत असतात. या सरोवरावर पक्ष्यांच्या ४०० हून अधिक जातींची नोंद आहे. कॅलिफोर्नियातली बहुतेक मूळ पाणथळ शेती आणि वस्तीखाली गेल्यानं स्थलांतराच्या वाटेवरच्या पक्ष्यांना उतरायला जागाच थोड्या उरल्या आहेत. मासे घटले तसे पेलिकन कमी झाले. कीटकांवर आणि अळ्यांवर जगणारे किनारी पक्षी अजून येतात. मेलेलं सरोवर म्हणून हात झटकणाऱ्यांनी हिवाळ्यातली एक सकाळ इथं घालवावी.

आता पाण्याच्या राजकारणाकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथं आहे. २००३ च्या करारानं इंपीरियल खोऱ्याच्या वाट्याचं काही पाणी सॅन डिएगोच्या बाजूच्या शहरांकडे वळलं. शेतांतून निथळणारं पाणी कमी होणार हे तेव्हाच दिसत होतं, म्हणून २०१७ अखेरपर्यंत सरोवरात भरपाईचं पाणी सोडायचं ठरलं. राज्य सरकारला उपाय उभा करायला मिळालेली ही उसंत होती. ती बव्हंशी वाया गेली. दक्षिण टोकाला हजारो एकरांच्या उथळ अधिवासाचं मोठं काम २०२१ च्या सुमारास, भरपाईचं पाणी थांबून काही वर्षं उलटल्यावर, सुरू झालं. गळ टाकणाऱ्यांची गर्दी असती तर इतकी चालढकल खपली असती का? मला तसं वाटत नाही. काठच्या मेक्का आणि नॉर्थ शोअरसारख्या वस्त्यांत मुख्यतः शेतमजूर राहतात. उघड्या पडलेल्या तळाची धूळ त्यांच्या मुलांच्या छातीत जाते, पण त्यांचा आवाज राजधानीपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. उलट सप्टेंबर २०१२ मध्ये वादळी वाऱ्यानं तळचं पाणी ढवळून निघालं आणि सडक्या अंड्यांसारखा वास दोनशेहून अधिक किलोमीटर दूर लॉस एंजेलिसमध्ये पसरला, तेव्हा हे सरोवर एका दिवसात बातम्यांमध्ये झळकलं.

धुळीच्या जागी लोकांना मुक्कामाला बोलावणं बेजबाबदारपणाचं नाही का, हा आक्षेप मात्र गांभीर्यानं घ्यायला हवा. उन्हाळ्यात इथं पारा ४३ अंशांच्या वर जातो, वासही तेव्हाच उग्र असतो. त्या दिवसांत कुणी जाऊ नये. दम्याच्या रुग्णानं वाऱ्याच्या दिवशी जाऊ नये. नोव्हेंबर ते मार्च हवा सुखद असते, पक्षीही तेव्हाच असतात. आणि पाहुण्याच्या दोन रात्रींच्या तुलनेत तिथं बारमाही राहणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं, हे समजायला तो काठच गाठावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की कालव्याच्या पाण्यावर तगलेल्या तळ्यासाठी पैसा का ओतावा. महाराष्ट्रात याचं उत्तर केव्हाच मिळालं आहे. नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ शंभर वर्षांपूर्वी सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातून घडली, आणि २०२० मध्ये तीच राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. पाणी कुणी आणलं यापेक्षा त्यावर आता कोण जगतं, हे तिथं मोलाचं मानलं गेलं.

राहिला प्रश्न पैशाचा. २०११ मध्ये कॅलिफोर्नियानं खर्च वाचवायला बंद करायच्या ७० उद्यानांची यादी काढली, तिच्यात साल्टन सीचं नाव होतं. ते बंद पडलं नाही, पण ओढगस्त कायम राहिली. हे उद्यान चालवण्याचा खर्च पाणी शहरांकडे नेण्याच्या किमतीत धरायला हवा. करमणुकीचा खर्च म्हणून त्याकडे बघणं चूक आहे. पहिलं काम बंदराचं व्हावं, होडी पुन्हा पाण्यात उतरेल एवढं तरी. त्याच्या जोडीला हवेतली धूळ मोजणारं यंत्र प्रत्येक मुक्कामतळावर बसावं आणि त्याचा आकडा फाटकावर रोज लिहिला जावा, मुक्कामाला येणाऱ्याला दिसेल असा आणि मेक्काच्या शाळेतल्या शिक्षकांनाही.