वारीच्या पेठेतील नवी दवंडी

चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा आणि पांडुरंगाचे दर्शन झाले, की वारकऱ्याची पावले आपोआप पेठेकडे वळतात. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद, देव्हाऱ्यासाठी कुंकू-बुक्का, दिंडीसाठी टाळांची जोडी आणि गळ्यासाठी तुळशीची माळ घेतल्यावाचून वारी पुरी झाल्यासारखे वाटत नाही. देव आणि बाजार यांचे हे शेजारपण आपल्या पूर्वजांनी कधी कमीपणाचे मानले नाही. कारण ज्या हातांनी ती माळ ओवली जाते, त्या घरातील वर्षाचे धान्य आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांच्या मोजक्या दिवसांवरच अवलंबून असते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे नेहमीची पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून पंढरीस आल्या. वाळवंट मोकळे राहिले आणि पेठेतही सामसूम झाली. भाविक पेठेपर्यंत येऊ शकत नसेल, तर पेठेनेच भाविकाच्या दारी जावे, हा विचार तेव्हापासून लहान दुकानदारांच्या मनात दृढ झाला. आज माळा, टाळ आणि घोंगड्या विकणारा दुकानदार व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांचा आश्रय करतो, तो हौसेने नव्हे; चरितार्थासाठी.

‘देवाच्या दारी जाहिरात कशाला?’ असे विचारणारे सज्जन आम्हांला भेटतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो, की सण आणि जाहिरात यांचे नाते नवे नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून फुललेली दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातींच्या आधारावरच पोसली गेली. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई, पुढे हँडबिले वाटली जाऊ लागली, आता फोन वाजतो. साधन पालटले, प्रयोजन तेच राहिले.

शब्दाकडेही पाहावे. हिंदीत जाहिरातीला ‘विज्ञापन’ म्हणतात. संस्कृतात ‘विज्ञापना’ म्हणजे नम्रपणे केलेले निवेदन. आपल्यापाशी काय आहे, ते कोणाच्या उपयोगी पडेल आणि त्याचे मोल काय, हे लीनतेने सांगणे म्हणजे विज्ञापना. लहान व्यापाऱ्याने हा मूळ अर्थ धरून ठेवला, तर त्याची जाहिरात देवाच्या दारी शोभून दिसेल. त्यासाठी त्याने काळ, सत्य आणि मर्यादा या तीन गोष्टी सांभाळाव्यात.

काळ : आपले सण तिथीने चालतात, यंत्रे तारखेने. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला येते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे आणि ही तूट अधिक मासाने भरून निघते, हे ज्याच्या ध्यानी आहे तो गतवर्षीच्या तारखेवर विसंबणार नाही. दुकानदाराने प्रथम पंचांग उघडावे आणि मग फोन. ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीला देहू-आळंदीहून पालख्या प्रस्थान ठेवतात. त्यापूर्वीच आपल्या मालाची छायाचित्रे, किमती आणि टपालाने माल पोहोचण्यासाठी मागणी नोंदविण्याची शेवटची तारीख तयार असावी. फेसबुक-इन्स्टाग्रामवरील पैसे भरून केलेल्या जाहिरातींची जागा एका परीने लिलावाने मिळते. ऐन सणात बडे व्यापारी त्या लिलावात उतरले, की दर चढतात आणि लहानाचे थोडके पैसे पाहता पाहता संपतात. म्हणून त्याने आधी यावे, आणि साऱ्या देशाला हाक न घालता आपल्या गिऱ्हाइकांचे तालुके निवडून तेवढ्यांनाच घालावी.

सत्य : तुळशीची माळ म्हणून दुसऱ्याच लाकडाचे मणी विकले गेले, तर फोनवरच्या चित्रावरून भाविकाला ते कसे कळावे? दुकानात तो मणी हाती घेऊन पाहू शकतो. येथे केवळ शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणून येथे शब्दाची जबाबदारी अधिक. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या कण्टकशोधन अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण हा विषय स्वतंत्रपणे मांडला असून, लाकूड, धातू वा रत्नाची नकली वस्तू अस्सल म्हणून विकणाऱ्याला मोलाच्या आठपट दंड सांगितला आहे. आजचा कायदाही तेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या तोंडावर, एका बड्या ऑनलाइन बाजारपेठेवर साधी मिठाई ‘राममंदिराचा प्रसाद’ या नावाने विकली जात असल्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस बजावली होती. देवाला नैवेद्य दाखविल्यावर जो उरतो तो प्रसाद. कारखान्यातून थेट खोक्यात भरला जातो तो केवळ खाऊ. खाऊला खाऊ म्हणण्यात कमीपणा नाही, त्याला प्रसाद म्हणण्यात मात्र पाप आहे.

मर्यादा : व्हॉट्सअॅपचे व्यापाऱ्यांसाठी असलेले निराळे रूप २०१८ च्या जानेवारीत भारतात आले. त्यात मालाची सूची चित्रांसह मांडता येते आणि एकच निरोप अनेकांना धाडता येतो. पण प्रसारण-यादीतला निरोप ज्याने दुकानदाराचा क्रमांक आपल्या फोनात जतन करून ठेवला आहे, त्यालाच पोहोचतो. आम्हांला ही योजना फार अर्थपूर्ण वाटते. नाते आधी, निरोप मागाहून! ज्या गिऱ्हाइकाने गेल्या वारीला माळ नेली, त्याची अनुमती घेऊन क्रमांक जपावा, एकादशीच्या आधी एकदा सांगावे, फार तर दोनदा. रोज प्रभाती फुलांची चित्रे धाडून त्याला विटवू नये. विठ्ठलाच्या चित्रावर आपल्या दुकानाचे नाव देवाच्या नावाहून मोठे छापू नये, हेही मर्यादेतच येते.

वाचकांचेही काही कर्तव्य आहे. घरी बसून मागणी नोंदविताना केवळ स्वस्ताई पाहू नये. विकणाऱ्याचा पत्ता आहे का, प्रश्न विचारला तर उत्तर येते का, हे पाहावे. आणि वस्तू मनाजोगी आली, तर दोन शब्द आवर्जून लिहावेत. बड्या व्यापाऱ्याच्या शेकडो जाहिरातींचे काम लहान दुकानदारासाठी असे दोन शब्द करतात.

नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. पूर्वरंगात सिद्धान्त मांडायचा आणि उत्तररंगात आख्यानाने तो पटवून द्यायचा. आख्यान सिद्धान्ताला सोडून गेले, तर श्रोता पुढच्या वेळी येत नाही. दुकानदाराची जाहिरात हा पूर्वरंग होय, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडलेली माळ हा त्याचा उत्तररंग. दोहोंचा मेळ जमला, तर पंढरीच्या पेठेतील चुली चारही वाऱ्यांना पेटत्या राहतील आणि दूरच्या भाविकाच्या गळ्यात खरी तुळस रुळेल. पांडुरंगाने उभयतांना ही बुद्धी द्यावी, हीच त्याच्या चरणी आमची विज्ञापना.